सोलानच्या काचा

२५ मार्च, शनिवार

आज हंगामाचा पहिला दिवस. पाणबुडे यायला अजून आठवडा आहे, पण माझ्या नवऱ्याच्या, एडीच्या हिशेबात ज्या दिवशी सगळ्यांची तब्येत विचारायची तोच पहिला दिवस. हिवाळाभर धक्क्याला बांधलेल्या आमच्या बोटीवर, 'सोलान'वर चढायचं, पुढच्या टोकापासून, नाळेपासून, मागच्या कठड्यापर्यंत चालत जायचं आणि एकेकाला विचारायचं, काय म्हणतोस, बरा आहेस ना? तो हे मोठ्या गंभीरपणे करायचा आणि मी चहाचा मग घेऊन मागून हसत जायची. ऑक्टोबरात तो गेला. म्हणून यंदा मी विचारत गेले.

नांगरा, कसा आहेस? गंज चढलाय, पण हलतो आहे. त्याला ओढणारी विंच कुरकुरते, तिला ग्रीस हवं. इंजिनाला खोकला आहे, तरी दुसऱ्या खेपेला उठून बसलं. पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या भरणारा कॉम्प्रेसर ठणठणीत. मागची लिफ्ट, जी पाणबुड्यांना पाण्यातून उचलून डेकवर आणून ठेवते, तिचा एक सांधा आखडलाय, माझ्या खांद्यासारखा. सूट वाळवायच्या खोलीतला हीटर बरा. किटली सगळ्यात बरी. सुकाणूच्या खोलीच्या काचा मात्र पार धुरकटल्यात. हिवाळ्याचं मीठ बसलंय.

शेवटी बर्टी. बर्टी लिंकलेटर हा आमचा एकुलता एक खलाशी. पन्नाशी उलटली, लग्न नाही, दात कमी, टोमणे जास्त.

"तू कसा आहेस रे?"

"गुडघा सोडून सगळा बरा आहे. गुडघ्याला वेगळं विचार."

"आणि मला कोण विचारणार?"

"मायमा रेंडल, तू कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय," मी म्हटलं.

२९ मार्च, बुधवार

काचा दोनदा धुतल्या. एकदा साबणाने, एकदा व्हिनेगरने. धुरकट त्या धुरकटच. बर्टीला म्हटलं, तू नुसतं फडकं फिरवतोस. तो काचेकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. म्हणाला, "उद्या परत पुसतो." एरवी त्याने यावर चार टोमणे मारले असते.

भरती-ओहोटीचं यंदाचं पुस्तक आलं. छापणाऱ्यांनी अक्षर आणखी बारीक केलंय, मुंग्यांच्या रांगेसारखं. बर्टी हल्ली चहा पिताना ते मोठ्याने वाचत बसतो, कुणी विचारलेलं नसताना. त्याने जिन्याच्या पायऱ्यांच्या कडाही पांढऱ्या रंगाने रंगवून ठेवल्यात. मी म्हटलं हे काय? म्हणाला रंग उरला होता.

ॲबर्डीनहून एर्लेंडचा फोन. माझा मुलगा चांगला आहे, पण कुणाचं भलं करायचं त्याच्या डोक्यात आलं की त्या माणसाची धडगत नसते.

"आई, सँडी हार्कस बोट घ्यायला तयार आहे. तू सदुसष्ट वर्षांची आहेस."

"सँडी एकोणसत्तरचा आहे. त्याला कोण सांगतं बोट विक म्हणून?"

"तो जन्मभर तांडेल आहे गं, सुकाणूवरच म्हातारा झालाय."

"आणि मी जन्मभर त्याच बोटीवर बटाटे सोलत होते, म्हणून मला दिसत नव्हतं का एडी काय करतो ते? तांडेलकीची परीक्षा मी पुस्तकं वाचून माझी मी दिली. पहिल्या झटक्यात. तुझ्या बापाला दोन लागले."

तो म्हणाला, हा एक हंगाम बघूया. जसं काही बघणारा तोच आहे. बोट माझ्या नावावर आहे. पण मला पक्कं ठाऊक आहे, या हंगामात माझ्या हातून काही उणं झालं, तर आमच्या बंदरात, स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर एकही माणूस म्हणणार नाही की वारा वाईट होता. म्हणतील, बाई होती. आणि मग विक्रीच्या कागदावर माझी सही मिळवणंसुद्धा त्यांना सोपं वाटेल.

सँडी रोज 'सोलान'समोरून जातो आणि विचारतो, "काय म्हणतेस मायमा?" माशाची टोपली उघडी दिसली की समुद्रपक्षी घिरट्या घालतो तसा. मी म्हणते, "अजून मेले नाही."

१ एप्रिल, शनिवार

पाहुणे फेरीबोटीने आले. यॉर्कशायरच्या एका क्लबाचे आठ जण. इतक्या लवकर, पाणी सहा-सात अंशांवर असताना येणारे एकतर अस्सल असतात नाहीतर अर्धवट. हे दोन्हीही आहेत. मला आवडले. जिल नावाची निवृत्त शिक्षिका आहे, माझ्याच वयाची, सूटमध्ये शिरताना ती ज्या शिव्या देते त्या मी लिहिणार नाही. तिचा पाण्यातला जोडीदार फिल, नळजोडणी करतो. मोठा हसरा माणूस. गेल्या वर्षी इजिप्तच्या गरम पाण्यात पंचवीसदा बुडी मारून आलाय आणि ते आल्यापासून तीनदा सांगून झालंय.

रात्री जेवायला मटण, सलगम-बटाट्याचा कुस्करा आणि जवाच्या भाकऱ्या. मग मी टेबलावर हात आपटून एडीचंच भाषण दिलं. एक, टाकीतली हवा देणारी झडप तोंडात धरून डेकवर उभ्या उभ्या श्वास घ्यायचा नाही, कितीही वाटलं तरी. वाऱ्यात तुमच्या श्वासाची वाफ तिच्यात गोठते, खाली गेल्यावर झडप उघडी अडकते आणि टाकी चहाच्या किटलीसारखी फसफसून रिकामी होते. आधी पाण्यात जा, तोंड पाण्याखाली घाला, मग ओढा काय ओढायचा तो श्वास. दोन, वर येताना दोरीला बांधलेला फुगा हवा भरून पाण्यावर सोडायचा. नारिंगी फुगा म्हणजे आम्ही मजेत आहोत, सावकाश या. पिवळा फुगा म्हणजे आत्ता या, हवा घेऊन या.

"आणि दोन्ही फुगे एकदम आले तर?" फिलने विचारलं.

"तर मी केक घेऊन येईन," बर्टी म्हणाला.

२ एप्रिल, रविवार

निघताना बोट सूर्य फिरतो त्या दिशेने, उजवीकडून, पूर्ण वळवून घेतली, डावीकडून नव्हे. धक्क्यावरून बाहेर पडायला डावीकडचं वळण सोपं आहे आणि पाहुणे विचारतात हा फेरा कशाला. एडीच्या बापाने तसंच केलं, एडीनेही, आता मीही. सूर्याच्या उलट वळून निघालेल्या बोटीवर या बेटांवरची माणसं पाय ठेवत नाहीत, कॉलेजात शिकून आलेलीसुद्धा. सुकाणू हातात होतं, खाली इंजिन कुरकुरत होतं, ढगाला एक फट पडली होती आणि समोरच्या हॉय बेटाच्या डोंगरांवर अजून बर्फाच्या रेघा होत्या. धक्क्यावरून कुणीतरी हात केला. कोण ते कळलं नाही. मी पण केला.

ड्रेस्डेनवर गेलो. पहिल्या महायुद्धानंतर इथे बुडवलेल्या जर्मन जहाजांपैकी हे मला सगळ्यात जवळचं, बाजारात नेहमी भेटणाऱ्या बाईसारखं. जोड्या पाण्यात गेल्या, जोड्या वर आल्या. बर्टी डेकवरून ओरडत होता, "नारिंगी, डावीकडे. नारिंगी, मागे, जरा लांब." त्याला हल्ली बडबडीचा रोग लागलाय. मी म्हटलं, मला दिसतं रे. म्हणाला, "मी गुडघ्याला सांगतोय."

सगळे वर आले तेव्हा ओठ निळे आणि चेहरे उजळलेले. जिल म्हणाली, "तोफ पाहिली, मायमा. अजून समुद्राकडे तोंड करून उभी आहे. म्हातारी, पण उभी." मी तिला सूपचा दुसरा मग दिला.

संध्याकाळी रेडिओवर सँडी. "सगळं ठीक ना, 'सोलान'?"

"ठीक. तुला वाईट वाटलं असेल."

४ एप्रिल, मंगळवार

ईशान्येचा वारा, मध्येच गारा. काचा परत धुतल्या. फुगे बनवणारे हल्ली रंगात पाणी घालतात की काय कोण जाणे, सगळे एकाच फिक्या रंगाचे दिसतात. पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानातून मागवीन.

५ एप्रिल, बुधवार

सगळे वर आले. सगळे बरे आहेत.

आज एवढंच.

६ एप्रिल, गुरुवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते. जे झालं ते लिहिलं नाही तर उद्यापासून मी त्याला वेगळा आकार द्यायला लागेन, मी स्वतःला ओळखते.

काल परत ड्रेस्डेन. वारा बोचरा, डेकवर उभं राहवत नव्हतं. फिल आणि जिल शेवटची जोडी. लिफ्टजवळ थांबलेले असताना फिलने तोंडात झडप घातली आणि दोन-तीन लांब श्वास ओढले. इजिप्तमध्ये तशीच सवय लावतात, पाण्यात जाण्याआधी तपासून बघा म्हणून. बर्टी ओरडला, पण तोवर तो पाण्यात गेला होता. त्याने झडप तोंडातून काढलीच नाही, तसाच मजेत खाली गेला.

नंतर बाकीचे एकेक करत वर यायला लागले. मागे लिफ्टवर बर्टी एका बाईला उचलत होता, तिच्या पायात गोळा आला होता, तो तिच्यात गुंतला. मी सुकाणूवर. लांब, लाटांच्या मध्ये एक फुगा उभा राहिला. मला दिसला. मला दिसला हे मी मुद्दाम लिहून ठेवते. नारिंगी. म्हटलं छान, फिल आणि जिल मजेत तरंगताहेत, आधी जवळची जोडी उचलू, मग त्यांना. आणि बोटीचं नाक दुसरीकडे वळवलं.

मागून बर्टीचा आवाज आला. "मायमा. तो पिवळा आहे."

"नारिंगी आहे."

"पिवळा आहे मायमा."

"अरे मला दिसतोय—"

"वळव."

त्याने आजवर मला कधी असं म्हटलेलं नाही. मी वळवलं. जवळ गेल्यावर, अगदी नाळेखाली आल्यावर तो पिवळा झाला. अंड्याच्या बलकासारखा स्वच्छ पिवळा, जसा काही कुणी माझ्या डोळ्यांदेखत रंगवला. बर्टीने जादा टाकी दोरीवर सोडली. दोरीला खालून दोन झटके बसले, म्हणजे मिळाली. मग आम्ही थांबलो. या थांबण्याबद्दल मला लिहिता येत नाही. इंजिन धुगधुगत होतं आणि पाण्यावर बुडबुडे येत होते, एवढंच आठवतं.

दोघं वर आली. फिलचा चेहरा पांढराफटक. टाकी खालीच फसफसली होती, दोघं जिलच्या एका टाकीवर चढत आली होती आणि तीही संपत आली होती. अंगात मुरलेला वायू निघून जायला वर येण्याआधी पाण्यात थांबायचं असतं, ते थांबणं आमच्या टाकीवर झालं. फिलने माझा हात धरला. म्हणाला, "बरं झालं लगेच आलात."

लगेच.

रेडिओवर सँडी. "'सोलान', पिवळा बघितला मी. सगळे ठीक?" तो त्याच्या बोटीवर, अर्धा मैल लांब होता. अर्ध्या मैलावरून त्याला पिवळा दिसला.

"ठीक," मी म्हटलं.

आज सगळ्यांना विश्रांती. सकाळी, पाहुणे उठायच्या आत, बर्टीला दोन्ही फुगे घेऊन धक्क्याच्या टोकाला उभं केलं. मी 'सोलान'च्या कठड्याजवळ. ऊन चांगलं होतं, वारा पडला होता.

"एक वर धर," मी ओरडले. त्याने धरला.

"नारिंगी."

"पिवळा," बर्टी म्हणाला.

"दुसरा."

त्याने धरला. मला तोच वाटला.

"लबाडी करू नकोस. दुसरा धर."

"दुसराच धरलाय आता."

"पिवळा?"

त्याने फुगा खाली घेतला.

मग मी एक हात डाव्या डोळ्यावर ठेवला. उजव्या डोळ्याने धक्का नाहीसा झाला. बर्टी नाहीसा झाला. राहिलं ते नुसतं उजेडाचं दूध. आणि मला एकदम काचा आठवल्या. साबण, व्हिनेगर, गरम पाणी, सगळं. गेल्या पंधरा दिवसांत त्या काचा मी इतक्या घासल्यात की त्या आता या बंदरातल्या सगळ्यात स्वच्छ काचा असतील.

बर्टी परत आला आणि फुगे गुंडाळत बसला.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"मला वाटलं रडून सुजलेत. एडीसाठी. वाटलं उतरतील."

"मी रडले नाही."

"ते पण माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणूनच तर काळजी वाटली."

धक्क्यावर सँडी उभा होता, दोन बादल्या हातात घेऊन. किती वेळ उभा होता देव जाणे. मी वाट बघत होते त्याने काही म्हणण्याची. तो म्हणाला, "काय म्हणतेस मायमा?"

मी म्हटलं, "उजवा डोळा गेलाय. डावा निघाला आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला खरं उत्तर दिलं असेन.

७ एप्रिल, शुक्रवार

रात्रभर एक विचार होता आणि तो चांगला नव्हता. कुणाला ठाऊक नाही. फिल माझे आभार मानतोय. बर्टी मेला तरी बोलणार नाही, सँडीही. उद्या शनिवारी हे लोक फेरीबोटीने जातील, मी गुपचूप डॉक्टरकडे जाईन. उरलेला एक दिवस बर्टी ओरडून रंग सांगेल आणि मी सुकाणू धरीन. पण त्याचे हात मोकळे असले तरच तो ओरडणार. परवा ते मोकळे नव्हते.

नाश्त्याला मी उभी राहिले. अंडी गार होऊ दिली.

"बुधवारी मी पिवळ्या फुग्याला नारिंगी समजले," मी म्हटलं. "आणि दुसरीकडे वळले. बर्टीने मला परत वळवलं. मला नीट दिसत नाही. आजपासून डोळे दुरुस्त होईतो मी सुकाणूला हात लावणार नाही. ज्यांना दुसऱ्या बोटीवर जायचंय त्यांची सोय मी करून देईन. ज्यांना थांबायचंय त्यांना आज सँडी हार्कस नेईल, तो बेटांवरचा उत्तम तांडेल आहे. पण बोट माझी आहे आणि बोटीवर मी राहीन."

फिल म्हणाला, त्याचा आवाज बारीक झाला होता, "मी डेकवर श्वास घेतला होता. तुम्ही सांगूनही."

"घेतला होतास," जिल म्हणाली. "मी बघत होते. मी पण काही बोलले नाही." आणि माझ्याकडे वळून, "मोतीबिंदू असेल गं. माझे दोन्ही काढलेत. अंडं दे इकडे."

कुणीही गेलं नाही.

सँडी त्याची बोट पुतण्याच्या हाती देऊन आला. दारात बूट पुसले, टोपी काढली. एडीच्या घरात यायचा तेव्हा काढायचा तशी. मी म्हटलं, "दोन अटी. सुकाणूच्या खोलीत शीळ वाजवायची नाही, वारा उठतो."

"कबूल."

"आणि ही बोट तुला मिळणार नाही."

"मायमा," तो म्हणाला, "एडीने मला बोट घे म्हणून कधीच सांगितलं नव्हतं. रोज विचारत जा म्हणाला होता."

"काय विचारत जा?"

तो आत गेला. मला कळलं नाही लगेच. लिफ्टला ग्रीस लावताना कळलं. मग बराच वेळ ग्रीस लावत बसले.

धक्क्यावर आज जितकी माणसं होती तितकी यात्रेला नसतात. बातमी पसरायला इथे इंजिन लागत नाही. सँडीची स्वतःची बोट डावीकडे वळते, तो हे सगळं थोतांड मानतो आणि एडीशी यावरून कैक वेळा भांडलाय. आज त्याने 'सोलान'ला सावकाश, पूर्ण, सूर्याच्या दिशेने वळवलं. सगळ्यांसमोर. मी मागच्या कठड्यापाशी लिफ्टच्या दांड्यावर हात ठेवून ताठ उभी होते. ज्याला बघायचं त्याने बघावं.

१० एप्रिल, सोमवार

बेटावरच्या मोठ्या गावी, कर्कवॉलला गेले. चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने डोळ्यात दिवा मारला आणि म्हणाली, "किती दिवसांपासून हे?"

मी म्हटलं, "काचा धुरकटल्यापासून."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलेला. पिवळे, नारिंगी, सगळे रंग त्याच्यातून गढूळ होऊन येतात म्हणे. शस्त्रक्रिया छोटी असते. एक जागा अचानक रिकामी झाली आहे, महिनाअखेरीची. मी म्हटलं लिहा.

एर्लेंडचा फोन. त्याला धक्क्यावरून कळलं होतं.

"आई, आता तरी—"

"आता तरी काय? डोळे नवे करून घेतेय, बोट नाही. तुझ्या बापाने इंजिन बदललं तेव्हा बोट विकली होती का?"

तो म्हणाला, "मी येऊ का? इस्पितळात?"

"ये. पण कागद घेऊन येऊ नकोस. चीज घेऊन ये, तिथलं."

तो हसला. बापासारखा हसतो.

२७ एप्रिल, गुरुवार

उद्या उजवा डोळा. डावा पुढच्या महिन्यात. मग डॉक्टरचा नवा दाखला, मग सुकाणू. सँडीला सांगितलंय, जूनमध्ये टोपी घालून घरी जा.

ही डायरी एडीने सुरू केली आणि पाण्यात गेलेल्या एकाही दिवसाचं पान कधी कोरं राहिलं नाही. त्याच्या शेवटच्या हंगामातसुद्धा नाही, तेव्हा तो सांगायचा आणि मी लिहायची. डोळ्यावर पट्टी बांधून मी लिहू शकणार नाही आणि या घरात बसून कोऱ्या पानाकडे बघणार नाही. म्हणून वही सुकाणूच्या खोलीत, रेडिओच्या खाली ठेवून जातेय.

बर्टी, हे तुझ्यासाठी. तुला लिहायला आवडत नाही हे ठाऊक आहे. पण तू लिही. नांगर कसा आहे, विंच कुरकुरते का, लिफ्टचा सांधा सुटला का, ते लिही. सँडी शीळ वाजवतो का ते लिही, खरं खरं. गुडघा कसा आहे ते लिही. कोण पाण्यात गेलं, कोण वर आलं, आणि कुठल्या रंगाचे फुगे आले, एकेक. मग पानं फाडून एर्लेंडच्या हाती इस्पितळात पाठव. वाट बघायला लावू नकोस, लवकर लिही.

आणि अक्षर मोठं काढू नकोस माझ्यासाठी. बारीक लिही, भरती-ओहोटीच्या पुस्तकासारखं. मी वाचीन.